घाट चढून येणारं मीठ

आषाढ लागला की बेळगावात लेथच्या बेडवर रोज संध्याकाळी तेलाचा हात फिरवावाच लागतो. एक दिवस विसरलं तर सकाळी नारिंगी धूळ बसलेली दिसते. हा गंज आपल्या ओळखीचा. फडक्याने पुसला, तेल लावलं, की खालचा धातू जसाच्या तसा. कारवारहून अणशीचा घाट चढून एखाद्या जुन्या बोटीचं इंजिन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उतरतं, तेव्हा त्याच्या अंगावरचा गंजही रंगाने असाच असतो. त्यामुळे तो ह्याच हिशोबात धरला जातो आणि पहिली चूक तिथेच होते.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते ह्यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तर ३३ टक्के आर्द्रता पुरते. म्हणजे इंजिन समुद्रापासून शंभर किलोमीटर आत आलं, घाट चढलं, छपराखाली कोरड्या जागी ठेवलं, तरी बोल्टच्या भोकात आणि गॅसकेटच्या कडेला बसलेलं मीठ बेळगावच्या जुलैच्या हवेत पुन्हा ओलं होतं आणि खाणं चालू ठेवतं. एके काळी कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ह्या घाटांनी वर यायचं. आता ते लोखंडाच्या फटींत बसूनही येतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा माणूस कारवार-मालवणची जुनी बोट घ्यायला जातो, किंवा तिचं इंजिन इथे दुरुस्तीला येतं, तेव्हा जमिनीवरच्या गंजाचा अनुभव जरा बाजूला ठेवावा लागतो.

बोट बघायला दोनदा जायला हवं. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ह्या ६१ दिवसांत कारवारच्या बैतकोल बंदरात बऱ्याच बोटी वर काढलेल्या असतात, तळ उघडा असतो, हातोडी घेऊन फिरता येतं. पण त्या दिवसांत बोट दर्यात नेऊन इंजिनाला पूर्ण जोर लावून बघता येत नाही. म्हणून मे महिन्यात एकदा पाण्यात आणि जूनमध्ये बोट वर काढल्यावर लगेच दुसऱ्यांदा जावं. लगेच अशासाठी की आठवड्याभरात तळ खरवडून रंग लागलेला असतो. ताज्या रंगाचा वास येणारी बोट मी तरी त्या फेरीत मोजणार नाही. रंग वाईट असतो असं नाही, पण त्याखाली काय होतं ते सांगणारं काहीच उरत नाही.

तळाशी पहिली नजर पंख्याकडे (बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरकडे) आणि त्याच्या आसपास बसवलेल्या जस्ताच्या ठोकळ्यांकडे. गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) पंखा, स्टेनलेसचा शाफ्ट, लोखंडाचं सुकाणू, हे तीन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले गेले की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजत जातो. ती झीज दुसऱ्या कुणी आपल्यावर घ्यावी म्हणून जस्त लावतात. ते अर्धं खाल्लं गेलं असेल तर चांगलं चाललंय, बदलायची वेळ झाली एवढंच. जस्त दोन हंगामांनंतरही कोरं करकरीत दिसत असेल तर मात्र थांबावं. एक तर त्याच्यावर कुणीतरी रंग फासलाय, नाहीतर बोल्टखाली गंज साठून त्याचा धातूशी संपर्क तुटलाय. मल्टिमीटरचं एक टोक जस्ताला आणि दुसरं शाफ्टला लावून रोध बघावा. तो १ ओहमच्या आत हवा. बोट पाण्यात असताना सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड (व्होल्ट मोजायचा ठरावीक आधार) बाजूने सोडून मोजलं तर नुसतं जस्त उणे १.०३ व्होल्टच्या आसपास दिसतं. जस्त जोडल्यावर पंख्याचा आकडा जस्त नसतानाच्या आकड्यापेक्षा निदान २०० मिलिव्होल्टने आणखी उण्याकडे सरकायला हवा. सरकत नसेल तर जस्त बोटीला नुसतं लटकलेलं आहे.

जस्त न झिजण्याचं कारवारात आणखी एक कारण असतं. पावसाळ्यात काळी नदी दुथडी भरून येते आणि मुखाजवळचं पाणी जवळजवळ गोडं होतं. खाडीत आत नांगरलेल्या बोटी ते दोन महिने त्या गोड्या पाण्यात उभ्या असतात. गोड्या पाण्यात जस्तावर एक कडक पांढरट थर चढतो आणि ऑगस्टमध्ये बोट पुन्हा खाऱ्या पाण्यात गेली तरी तो आपोआप उतरेल ह्याचा भरवसा नाही. जस्त आहे, जागच्या जागी आहे, पण काम करत नाही. झीज मग पंख्यावर आणि सुकाणूच्या पिनांवर. अशा ठिकाणी उभ्या राहणाऱ्या बोटीला जस्तापेक्षा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे बरे, ते खाऱ्यात चालतात आणि मचूळ पाण्यातही. समुद्रातली बोट सुपा किंवा हिडकल धरणाच्या पाण्यात कायमची न्यायची असेल, तर मॅग्नेशियमचे ठोकळे लावावेत.

जस्तानंतर पितळ. तळातून पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं अंग गनमेटलचं असलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण दुरुस्तीच्या घाईत कुणीतरी नळाच्या दुकानातला पितळी निपल किंवा एल्बो बसवून देतं. पितळेत जस्त असतं, समुद्र ते जस्त तेवढं वेचून नेतो आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. आकार तोच, आटेसुद्धा तेच. चाकूच्या टोकाने ओरखडा काढला की कळतं. पिवळा सोनेरी चट्टा आला तर धातू जिवंत आहे, गुलाबी आला तर तो निपल हाताच्या जोराने मोडेल. आणि तो पाण्याच्या पातळीखाली आहे. ह्या एका ओरखड्याला अर्धा मिनिट लागतो. बोट बघायला गेलेल्यांपैकी फार थोडे लोक तो काढतात.

स्टेनलेसबद्दल आपल्याकडे फार विश्वास आहे. भांड्यांमुळे असेल. स्टेनलेस गंजत नाही कारण त्याच्यावर ऑक्साइडची अगदी पातळ कातडी असते आणि ती टिकायला ऑक्सिजन लागतो. उघड्यावर, वाहत्या पाण्यात ती झटक्यात भरून येते. ग्लँडच्या (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जागेच्या) पॅकिंगखाली, बेअरिंगच्या आत, क्लॅम्पच्या पट्ट्याखाली पाणी साचून राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि कातडी फाटली की पुन्हा येत नाही. म्हणून शाफ्ट बाहेर आरशासारखा आणि ग्लँडच्या आत किडक्या दातासारखा खड्ड्यांनी भरलेला, असं नेहमी सापडतं. चालत्या बोटीपेक्षा उभ्या बोटीला हे जास्त होतं आणि पॅकिंगमध्ये ग्राफाइट असेल तर आणखी जास्त. लोहचुंबक लावून काही कळत नाही. ३०४ आणि ३१६ दोन्हीला तो सहसा चिकटत नाही. कपलिंग सोडून शाफ्ट वीतभर मागे सरकवावा आणि पॅकिंगखाली असलेला भाग चिंधीने पुसून नखाने तपासावा. नख अडकेल एवढा खड्डा असला तर शाफ्ट नवा धरूनच भाव ठरवावा. वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न केलेला शाफ्ट मी सुचवणार नाही. पंख्याच्या चावीजवळ तो तुटला तर बोट दर्यात लुळी पडते.

लाकडी बोटीत बोल्टभोवती पांढरी खडूसारखी भुकटी दिसली तर तिथलं लाकूड टोच्याने टोचून बघावं. तिथे जस्ताचं संरक्षण गरजेपेक्षा जास्त झालेलं असतं आणि त्यातून तयार झालेला अल्क (अल्कली) लाकूड मऊ करतो. पोलादी बोटीत आधी हातोडी, मग जाडी मोजणारा अल्ट्रासॉनिक गेज. इंजिनाखाली, बर्फाचं पाणी साचतं त्या खणाखाली आणि पाण्याच्या रेषेवर १०-१० सेंटीमीटरवर मापं घ्यावीत, बाकी ठिकाणी ३० सेंटीमीटरवर चालतात. ६ मिलिमीटरची प्लेट साडेचारच्या खाली गेली असेल तर ती कापून काढायची.

विजेचं एक वेगळं. धातूंची आपसातली बॅटरी महिन्यांनी खाते, पण बोटीच्या खऱ्या बॅटरीतून गळणारा करंट पंखा आणि शाफ्ट काही दिवसांत चाळण करू शकतो. तळातल्या पाण्यात बुडालेली पंपाची एक सोललेली वायर तेवढ्याला पुरते. सगळे स्विच बंद करून बॅटरीची ऋण तार काढावी आणि मध्ये मीटर घालून अँपिअर बघावेत. आकडा दिसला तर एकेक फ्यूज काढत तो कुठे पडतो ते शोधावं.

आता इंजिन. ते थंड मिळालं पाहिजे. गेल्याबरोबर ब्लॉकवर तळहात ठेवावा. कोमट लागला तर नम्रपणे सांगावं, तांडेलदादा, आम्ही उद्या सकाळी परत येतो. गरम इंजिन सुरू होतंच. थंडपणी किती वेळ फिरतं आणि पहिला धूर कसला येतो, हेच बघायचं असतं. पांढरा धूर मिनिटभरात विरला तर ठीक. टिकून राहिला तर एक तर कॉम्प्रेशन कमी आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी येतंय. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा धूर जोर लावल्यावर यायचा, तो हवा कमी किंवा भार जास्त झाल्याचा.

सुरू करण्याआधी टॉर्च घेऊन पांढऱ्या रेघा शोधाव्यात. समुद्राचं पाणी जिथून झिरपतं तिथे ते गरम लोखंडावर वाळतं आणि मिठाची बारीक रेघ ठेवून जातं. रेघेच्या खालच्या टोकाला काही नसतं, वर वर जात तिचा उगम बघायचा. तो बहुतेक वेळा कोअर प्लगची (ब्लॉकची भोकं बुजवणाऱ्या चकतीची) कड, होजचा क्लॅम्प किंवा समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या पोटातलं छोटं भोक असतो. ते भोक दोन सीलच्या मधे मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यातून खारं पाणी थेंबथेंब आलं तर पाण्याकडचं सील गेलं, ऑइल आलं तर इंजिनाकडचं. कुणी ते भोक रंगाने किंवा एम-सीलने बुजवलं असेल तर पाणी सरळ बेअरिंगमधून ऑइलमध्ये जातं. पंपाचं झाकण काढून रबरी इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) पाती मोजावीत. एखादं पातं कमी असेल तर ते हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनातलं गोडं पाणी खाऱ्या पाण्याने थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांच्या तोंडाशी अडकलेलं असणार. ते मिळेपर्यंत काम संपलं म्हणू नये.

थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते उघडून बघावं. ज्या इंजिनाच्या ब्लॉकमधून थेट समुद्राचं पाणी फिरतं ते ६० अंशांच्या आसपास ठेवतात, कारण त्याच्या वर पाण्यातले क्षार भिंतीवर दगडासारखे बसू लागतात. गोडं पाणी आणि हीट एक्स्चेंजर असलेलं इंजिन ७५ ते ८५ वर चालतं. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर ते इंजिन कधीतरी तापत होतं आणि कारण शोधायच्या ऐवजी ते झाकलं गेलं, असं समजून पुढे जावं.

ज्या बोटीत थंड करणारं खारं पाणी शेवटी धुरात सोडतात, तिथे पाणी आणि धूर जिथे भेटतात तो एल्बो सगळ्यात आधी मरतो. एका भिंतीच्या अलीकडे कित्येक शे अंशांचा धूर आणि त्यातला गंधक, पलीकडे मीठ. भिंत आतून फाटते, बाहेर काहीच दिसत नाही. इंजिन बंद झालं की त्या फटीतून पाणी मागे उतरतं आणि उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारला की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ह्यावर आपल्या फाउंड्रीतली जुनी रीत उत्तम चालते. एल्बो सोडवून धुराच्या बाजूच्या भिंतीला खडूचं पाणी लावून वाळवायचं, पाण्याच्या बाजूला रॉकेल भरायचं, तोंडं बंद करून तासभर ठेवायचं. पाणी जिथून गळत नाही तिथूनही रॉकेल पाझरतं आणि खडूवर काळपट ओला डाग उमटतो. एक डाग आला तरी एल्बो भंगारात. मासेमारीच्या ज्या बोटींचा धूर कोरडाच वर जातो, त्यांच्या मॅनिफोल्डच्या (धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) पाण्याच्या जॅकेटला, म्हणजे तिच्याभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला, हीच परीक्षा लावावी.

त्या जॅकेटच्या ओतीव लोखंडातच समुद्राचं सगळ्यात छुपं काम चालतं. ग्रे कास्ट आयर्नमध्ये ग्राफाइटच्या पापुद्र्यांचं जाळं असतं, हे आपल्या मोल्डरला सांगायला नको. खारं पाणी त्यातलं लोखंड हळूहळू काढून नेतं आणि ग्राफाइट व गंज मिळून मूळ आकार धरून ठेवतात. भिंत ८ मिलिमीटरची होती, कॅलिपर आजही ८ दाखवतो. रंग थोडा काळपट, पृष्ठभाग गुळगुळीत, उलट चांगलाच वाटतो. पण चाकूचं टोक दाबलं तर पेन्सिलीच्या शिसासारखं काळं मऊ काहीतरी सोलून निघतं, बोटाला लागतं, कागदावर घासलं तर रेघ उमटते. त्या थराखाली खरं लोखंड ३ मिलिमीटर उरलंय की ५, ते तो पूर्ण खरवडल्यावरच कळतं. हातोडीची टिचकी मारली तर चांगल्या ओतीवाला जो टणत्कार असतो तो इथे बसका, मातीच्या मडक्याला तडा गेल्यासारखा येतो. अशा भिंतीवर वेल्डिंग धरत नाही आणि हेलिकॉइलने (तारेच्या नव्या आट्यांनी) आटेही घेता येत नाहीत.

कॉम्प्रेशनचा आकडा सगळे विचारतात. डिझेलला साधारण ३५० ते ४५० पीएसआयमध्ये कुठेतरी असतो, नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात. आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा, तो १० टक्क्यांच्या वर नको. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, डिझेल बंद. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधली हेड गॅसकेट बघावी. ऑइलचा नमुना १०० मिलिलिटर, इंजिन गरम असताना, निचऱ्याच्या मधल्या धारेतून घ्यावा, आणि त्याच ब्रँडचं कोरं ऑइलही शेजारी पाठवावं. काही ऑइलांत मॅग्नेशियम मुळातच असतं, त्यामुळे कोऱ्याशी तुलना केल्याशिवाय अहवाल वाचता येत नाही. कोऱ्यापेक्षा सोडियम आणि मॅग्नेशियम दोन्ही वाढलेलं असेल तर समुद्राचं पाणी आत आलं. सोडियम आणि पोटॅशियम वाढलं तर बहुधा कूलंट.

मे महिन्याच्या फेरीत बोट बाहेर नेऊन १०-१५ मिनिटं पूर्ण रेसवर चालवावी. ठरलेले आरपीएम गाठते का आणि तापमान एका जागी थांबतं का, एवढंच बघायचं. आरपीएम कमी पडले तरी लगेच इंजिनाला दोष देऊ नये. तळाला शिंपल्यांचा थर असेल किंवा पंखा मोठा असेल तरी हेच होतं.

माझं मत असं की कॉम्प्रेशन उतरलेलं पण पाण्याचे मार्ग शाबूत असलेलं इंजिन घ्यावं, आणि कॉम्प्रेशन झकास पण जॅकेट काळं पडलेलं इंजिन सोडावं. बाजारात बरोबर उलटं होतं, कारण पहिलं धूर सोडत कुरकुरत सुरू होतं आणि दुसरं एका हाकेत. रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह सीट हे सगळं बेळगावात होतं. लायनरची ओ-रिंग बसते ती ब्लॉकमधली जागा खाल्ली गेली असेल तर तीही बोअर करून स्लीव्ह घालता येते. हेड ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलं असेल तर सर्फेस करता येतं, मग गरम पाण्यात बुडवून आत २-३ बार दाबाची हवा भरून बुडबुडे बघता येतात. ब्लॉकची भिंत मात्र कुणी परत आणून देऊ शकत नाही.

पण इथल्या कारागिराला हे ठरवायचं तर भाग जसा निघाला तसा हातात यायला हवा. होतं काय, टेम्पोवाला उत्साहाने सांगतो, “मामा, पाणी मारून चकाचक करून आणलंय बघा.” मामांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. “धुऊन कशाला आणलास रे? आता कुठनं गळत होतं ते मी कसं बघू?” मिठाच्या रेघा गेल्या, गॅसकेटवरचे डाग गेले. उरलं ते फटीतलं मीठ, जे कुठल्याही जोराच्या फवाऱ्याने जात नाही. नुसतं सँडब्लास्ट करूनही जात नाही. संध्याकाळी राखाडी, स्वच्छ दिसणारा भाग सकाळी काळ्या ओल्या ठिपक्यांनी भरलेला असतो, कारण खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड तसंच असतं. तपासणी झाल्यावर भाग गरम गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, पाणी रोज बदलावं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्यावं आणि त्याच्या चमचाभर नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. पांढरं दुधाळ झालं तर मीठ अजून आहे, आणखी एक दिवस. नितळ राहिलं की त्याच तासाला वाळवून तेल द्यावं. हातमोजे घालावेत, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत.

तेव्हा कारवारात भाग उतरवतानाच त्याचे फोटो काढावेत, गॅसकेट हेडला चिकटलेलीच राहू द्यावी, बोल्ट त्यांच्या त्यांच्या भोकांत हाताने घालावेत. कोणता सिलिंडर पंख्याच्या बाजूचा ते ऑइल पेंटने लिहावं, जॅकेटची तोंडं चिंध्यांनी बुजवावीत आणि न धुता, फक्त वरून ऑइल शिंपडून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावं. अणशी ते लोंढा पाऊस लागतो. ताडपत्री दुहेरी टाकावी आणि खानापूरला चहाला थांबल्यावर ती सरकलेली नाही ना, एवढं बघून घ्यावं.